मदत हवी आहे : चार ओळी वाचल्या की डोकं भरकटतं, परीक्षा दोन महिन्यांवर

सविनय_सादर

नमस्कार. सरळ मुद्द्यावर. वाचायला बसलं की पान पुढे सरकत नाही. एकच परिच्छेद चार-चार वेळा वाचायचा. 'परंतु', 'तथापि', 'त्याअर्थी' ओलांडत वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. काल रजा नियम १९८१ उघडले. अर्जित रजेवर पाऊण तास घालवला आणि हाती काय, तर पेनाने रंगवलेला समास.

लिहिण्याचंही तेच. ऑफिसात टिपणी लिहायला घेतली की 'विषयांकित प्रकरणी' एवढं लिहून होतं, पुढे सगळं कोरं. नस्ती (म्हणजे फाईल) तीन-तीन दिवस टेबलावर पडून राहते. परवा साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "काय, मुहूर्त बघताय का?"

खात्याची परीक्षा दोन महिन्यांवर आहे. आधी एकदा दांडी गुल झालेली आहे. ठोस उपाय सांगा. फोन लांब ठेवा, पहाटे उठा, ध्यान करा, हे तिन्ही करून झालंय. कृपया परत तेच नको.

शेंगोळे

फोन लांब म्हणजे किती लांब? उशाखाली ठेवून 'लांब ठेवला' म्हणणारे पाहिलेत. मी सीएच्या वेळी फोन खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे देऊन यायचो. काकू परत देताना आधी चहा पाजायच्या आणि मग अर्धा तास सुनेबद्दल बोलायच्या, त्या धाकाने फोन मागायला जाणंच बंद झालं.

उंटावरून

टोमॅटो पद्धत वापरा. ऐंशीच्या दशकात एका इटालियन विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यास केला, त्यावरून नाव पडलं. २५ मिनिटं वाचायचं, ५ मिनिटं सुट्टी. मी तीन वर्षं करतोय. आयुष्य बदललं.

सविनय_सादर

@उंटावरून, चार ओळी धड होत नाहीत, २५ मिनिटं कुठून आणायची?

अण्णा_निवृत्त

आपण वय लिहिलेले नाही. काही खात्यांत ४५ वर्षे पूर्ण झाल्यावर विभागीय परीक्षेतून सूट मिळते. आपल्या सेवाप्रवेश नियमांत पाहावे व आस्थापना शाखेत अर्ज करावा. माझ्या एका सहकाऱ्याने तीन महिने थांबून परीक्षा वाचवली होती.

शेंगोळे

अण्णा, प्रश्न लक्ष लागत नाही हा आहे. परीक्षा कशी चुकवायची हा नाही :)

टाकसाळ

हे सरळसरळ एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा मेंदूशी संबंधित विकार. मला ३८व्या वर्षी कळलं. तोवर आळशी, धांदरट, वेंधळा ही सगळी विशेषणं मिळवून झाली होती. गोळी सुरू झाल्यावर पहिल्यांदा एक अख्खं पत्र न उठता वाचलं आणि बायकोला हाक मारून दाखवलं. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, वेळ घालवू नका.

चष्मिष

थांबा जरा. @सविनय_सादर, वय किती? चष्मा आहे का? डोकं दुखतं का, आणि सकाळी कमी, रात्री जास्त असं होतं का? हे कधीपासून आहे? एवढं सांगितल्याशिवाय इथे सगळे अंधारात काठ्या मारणार.

मी_कशाला_सांगू

भाऊ, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. संध्याकाळचं 'बसणं' असेल तर ते आधी बंद करा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोक्यात भुसा भरलेला असतो. स्वानुभव.

सविनय_सादर

@मी_कशाला_सांगू, मी भाऊ नाही, बाई आहे. आणि माझं 'बसणं' बसस्टॉपवरच असतं.

वय ४३. चष्मा कॉलेजपासून आहे, लांबचा, मायनस दोन. नंबर चार वर्षांपूर्वी तपासला होता. वाचताना चष्मा कपाळावर चढवते, तसं बरं दिसतं. डोकं दुखतं, पण ते सगळ्यांचंच दुखतं. त्याचा लक्ष लागण्याशी काय संबंध?

चष्मिष

ताई, त्याचाच संबंध! मराठीत जवळच्या चष्म्याला 'चाळिशी' उगाच म्हणत नाहीत. चाळिशीच्या आसपास डोळ्याच्या भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचं पाहताना नीट फोकस होत नाही. तुमचा नंबर मायनस, म्हणून चष्मा काढला की जवळचं बरं दिसतं. पण मग पुस्तक विशिष्ट अंतरावर धरून बसावं लागतं. ऑफिसात समोर स्क्रीन, खाली नस्ती, त्यात चष्मा चढव-उतर, म्हणजे डोळ्यांची दिवसभर कसरत. अक्षरं पुसट दिसतात असं वाटतच नाही. वाटतं ते 'कंटाळा आला' असं. मी वर्षभर स्वतःला आळशी समजत होते, निघाला नंबर.

त्यात ती नियमांची पुस्तकं! मुंगीएवढा टाईप, पिवळा कागद, आणि मागच्या पानाची शाई पुढे उमटलेली.

टाकसाळ

चष्म्याने नस्ती तीन दिवस पडून राहत नाही. चष्मिष यांना सगळीकडे चष्माच दिसतो.

साधा_कंपाउंडर

आणि तुम्हाला सगळीकडे एडीएचडी. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून होती का, हे विचारल्याशिवाय मोठ्या माणसात ते निदान करत नाहीत. गेल्या दोन वर्षांत सुरू झालं असेल तर आधी बाकीचं तपासतात. आणि ती गोळी चिंचगोळी नाही. एडीएचडीवरचं मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येतं, डॉक्टर दोन प्रतींत चिठ्ठी देतात, एक केमिस्टकडे राहते. आमच्या दुकानात लोक नेटवर वाचून नाव लिहून आणतात, त्यांना हात जोडतो.

टाकसाळ

गोळी आणा कुठे म्हणालो? तज्ज्ञाकडे जा म्हणालो. 'आधी बाकीचं तपासा' करता करता माझी वीस वर्षं गेली, म्हणून पोटतिडकीने लिहितो.

साधा_कंपाउंडर

हे मात्र मान्य.

सविनय_सादर

शाळेत असं काही नव्हतं. उलट मी वाचणारी म्हणून चिडवायचे, जेवताना पुस्तक काढून घ्यायला लागायचं. हे दोन-अडीच वर्षांतलं आहे. बढती मिळून टेबल बदललं तेव्हापासून, किंवा त्याच्या थोडं आधीपासून.

गजरा_नको

ताई, मी विचारते, कारण इथले भाऊलोक विचारणार नाहीत. झोप किती? पाळी कशी आहे? रात्री घाम फुटून जाग येते का? पाळी जायच्या आधीची काही वर्षं असतात, त्यात अंगावर खूप जातं, झोप मोडते आणि शब्द ऐनवेळी आठवत नाहीत. मी वर्गात 'खडू' हा शब्द विसरले होते. 'ते पांढरं' म्हणून मुलीकडे मागितला. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी१२ करून घ्या. शाकाहारी असाल तर बी१२ नक्कीच.

सविनय_सादर

विचारलंतच म्हणून. पाच वाजता उठते, डबे, सव्वासातची एसटी. घरी यायला सात. सासूबाईंना अर्धांगवायू झालाय, त्यांचं सगळं आवरून अकराला पुस्तक उघडते. बाराला झोप, मधे दोनदा त्यांच्यासाठी उठावं लागतं. पाळीचं तुम्ही म्हणता तसंच आहे. हे सगळं आधी लिहिलं नाही, कारण हे काय, सगळ्याच बायकांना असतं.

चष्मिष

ताई!! अकरा वाजता रजा नियम?

शेंगोळे

अकरा वाजता रजा नियम वाचून जागा राहील असा माणूस महाराष्ट्रात जन्मायचाय. दोष त्या मराठीचा आहे. साठ शब्दांचं वाक्य आणि क्रियापद नांदेडला. कोणाचंही डोकं भरकटेल.

अण्णा_निवृत्त

असहमत. शासन व्यवहाराची मराठी कष्टाने घडवली आहे. भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले, तोवर अर्धा कारभार इंग्रजीतच चालत असे. आज 'पदोन्नती', 'नस्ती' हे शब्द सहज तोंडी येतात ते आपोआप आलेले नाहीत.

शेंगोळे

शब्दांशी भांडण नाही हो, वाक्यांशी आहे. 'नस्ती' गोड शब्द आहे. पण 'करण्यात येत आहे की ज्याअर्थी' हे कुठल्या आईच्या भाषेत बोलतात?

उंटावरून

अवांतर: 'नस्ती' आणि 'नसती उठाठेव' यांचा काही संबंध आहे का?

शेंगोळे

आमच्या खात्यात तरी आहे.

टाकसाळ

एक शंका. ताई, तुम्हाला लिहिता येत नाही म्हणता आणि इथे बरंच लिहिताय की. हलकेच घ्या.

सविनय_सादर

लिहीत नाहीये, बोलतेय. फोनवरचा माइक दाबून एसटीत बोलते, तो टाईप करतो, मी फक्त 'नस्ती'चं 'मस्ती' केलेलं दुरुस्त करते. शेजारचा माणूस मगाचपासून बघतोय. पाळीचं मात्र घरी येऊन टाईप केलं.

चष्मिष

मग टिपणीही तशीच बोला ना! आणि नियमांचं उलट करा. सकाळच्या एसटीत ऐकायचे. घरात कोणी मोठ्याने वाचून रेकॉर्ड करून देईल का?

सविनय_सादर

मुलगा नववीत आहे. पानाला दहा रुपये मागतोय. ऑफिसात बोलून टिपणी कशी करणार, समोरच्या टेबलाला सगळी प्रकरणं ऐकू जातील.

अण्णा_निवृत्त

आता आपल्या मूळ प्रश्नावर. मी ३१ वर्षे टिपण्या लिहिल्या. आपण 'विषयांकित प्रकरणी' येथे अडकता, याचे कारण आपण वरून सुरुवात करता. ती ओळ लिहायला डोके लागत नाही, म्हणून सगळे तिथून सुरू करतात आणि तिथेच बसून राहतात. शेवटची ओळ आधी लिहावी : 'तरी अमुक मंजूर करण्यास हरकत नसावी, आदेशार्थ सादर.' मग तिच्या वर, कोणत्या नियमाने. त्याच्या वर, अर्ज कोणाचा, कधी आला, सोबत काय जोडले आहे. विषय सर्वात शेवटी. हरकत असेल तर तेही शेवटच्या ओळीतच कळते, मग वरचे आपोआप सुचते. कच्चे टिपण पाठकोऱ्या कागदावर करावे. चांगल्या कागदावर हात आखडतो.

शेंगोळे

अण्णा, हे पहिल्या प्रतिसादात लिहायचं होतंत.

अण्णा_निवृत्त

पहिल्या प्रतिसादात वय विचारले होते.

गजरा_नको

+१ अण्णांना. पण ताई, रक्ततपासणी विसरू नका. टिपणी उलटी लिहून हिमोग्लोबिन वाढत नाही.

सविनय_सादर

बारा दिवसांनी लिहितेय, माफ करा.

डोळे तपासले. जवळचा नंबर निघाला, सव्वाचा. एकाच काचेत दोन्हीवाला चष्मा महाग होता, म्हणून वाचायचा वेगळा केला. पहिल्या दिवशी पुस्तक उघडलं आणि खरं सांगते, थोडा राग आला. अक्षरं एवढी काळी असतात? हिमोग्लोबिन ९.२ आलं. डॉक्टर म्हणाल्या, जिना चढता हेच पुष्कळ आहे. लोहाच्या गोळ्या सुरू आहेत. थायरॉइडचा रिपोर्ट यायचाय. नवऱ्याशी बोलले, रात्री सासूबाईंकडे एकदा तो उठतो. दुसऱ्यांदा त्याला जाग येत नाही म्हणे.

अभ्यास अकरानंतर बंद केला. एसटीत मुलाचा आवाज ऐकते, त्याने 'अर्जित' सगळीकडे 'अजित' वाचलंय. तरी रविवारी सकाळी सलग तीन पानं झाली. तीनच, पण समास कोरा राहिला.

टिपण्या खालून वर लिहितेय. चार नस्त्या गेल्या, एक परत आली, 'तपशील अपुरा' शेरा मारून. टाकसाळ, तुमचं विसरले नाही. गोळ्यांचे तीन महिने झाल्यावरही असंच राहिलं तर तज्ज्ञाकडे जाईन.

टाकसाळ

जा नक्की. जवळ कोणी नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं.

उंटावरून

सलग तीन पानं म्हणजे साधारण २५ मिनिटं झाली असतील. टोमॅटोच की!

मी_कशाला_सांगू

ताई, तेव्हाच्या प्रतिसादाबद्दल माफी. मीही डोळे तपासून आलो. दीडचा निघाला. दुपारचा भुसा सगळा माझ्या बाटलीतला नव्हता तर.

नवा_सदस्य_४४

सगळे प्रतिसाद वाचले. रजा नियमांचं मोठ्या टाईपातलं पुस्तक कुठे मिळेल? आणि तुमचा मुलगा माझ्यासाठीही वाचेल का, पानाला बारा देईन.