एकाच गावाचे तीन पत्ते: जंजिरा, कुलाबा, रायगड

प्रश्न
नमस्कार. आमचे मूळ गाव श्रीवर्धन तालुक्यात आहे. घरातील जुने कागद लावून ठेवताना आजोबांच्या दाखल्यावर ‘जंजिरा संस्थान’, वडिलांच्या दाखल्यावर ‘जिल्हा कुलाबा’ आणि माझ्या दाखल्यावर ‘जिल्हा रायगड’ असे लिहिलेले आढळले. हा बदल कसा होत गेला? मुंबईतील कुलाब्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

उत्तर १
मुंबईच्या कुलाब्याशी संबंध नाही. जिल्ह्याला नाव मिळाले ते अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्यावरून. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचे बांधकाम सुरू करविले आणि पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ते मुख्य ठाणे झाले. ओहोटीला ओल्या वाळूवरून चालत तटापाशी गेलात, तर मोठमोठे चिरे चुन्याशिवाय नुसते एकमेकांवर रचलेले दिसतात, आणि चहूकडे खारे पाणी असूनही आत गोड्या पाण्याचा तलाव आहे. आंग्र्यांचे राज्य इंग्रजांनी वारसाअभावी १८४० मध्ये खालसा केले. ठाण्यापासून वेगळा कुलाबा जिल्हा झाला तो १८६९ मध्ये. पनवेल त्यात १८८३ मध्ये, तर कर्जत १८९१ मध्ये आले.

उत्तर २
आपल्या गावापुरते महत्त्वाचे वर्ष १९४८ होय. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी असलेला जंजिरा हा बेटावरचा किल्ला सिद्दींकडे, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या राज्यकर्त्यांकडे होता. शिवाजी महाराजांनी त्याच्यावर वचक बसवण्यासाठी जवळच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला, संभाजी महाराजांनीही मोठा वेढा घातला, तरी जंजिरा मराठ्यांच्या हाती लागला नाही. ‘जंजिरा’ हा शब्दच बेट या अर्थाच्या अरबी ‘जझीरा’वरून आलेला आहे. १९४८ मध्ये त्यांचे संस्थान भारतात विलीन झाल्यावर मुरूड, म्हसळे आणि श्रीवर्धन हा भाग कुलाबा जिल्ह्यात आला. दूर काठेवाडातील जाफराबादही याच सिद्दींचे होते, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नसते. आजोबांचा दाखला जपून ठेवावा, अशी मनापासून विनंती.

उत्तर ३
वरील उत्तरांत नामांतराचा उल्लेख राहिला आहे. बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना १ जानेवारी १९८१ पासून जिल्ह्याचे नाव रायगड झाले. राजधानीच्या गडाचा मान म्हणून ते योग्यच होते. तथापि जुन्या नावात समुद्र होता, आणि माझ्या मते या जिल्ह्याचा इतिहास बेटांवरूनच अधिक नीट वाचता येतो. थळसमोरची खांदेरी आणि उंदेरी पाहावीत. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरीवर तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचे ठाणे नको म्हणून इंग्रजांनी आरमार पाठवले, महाराजांच्या आरमाराचे सरदार मायनाक भंडारी यांनी ते बेट सोडले नाही, आणि लगेच १६८० मध्ये सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावून तिच्यावर तोफा चढवल्या. खांदेरीवरचा दीपगृहाचा मनोरा १८६७ चा आहे. त्याच बेटावरच्या वेताळाला कोळी बांधव आजही मानतात. लेण्यांच्या घारापुरीला (एलिफंटा) जायला लाँच मुंबईच्या गेटवेवरून सुटते, मात्र बेट उरण तालुक्यात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि समुद्राखालच्या केबलने तेथे वीज पोहोचली ती २०१८ मध्ये.