कॅमेऱ्याची दुसरी बॉडी आली खरी, पण वापरू कशी?

रोल_३६: माझ्याकडे निकॉन एफएम२ हा फिल्म कॅमेरा होता, आता मामाचा जुना एफई२ पण मिळालाय. दोन्हीत ट्राय-एक्सच (४०० आयएसओची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म) भरून फिरतोय, नुसती मान मोडतेय. करू काय याचं?

डार्करूमवाला: अरे दोन्हीत एकच कशाला 😄 एकात रंगीत भर. नाहीतर एक ४००लाच ठेव आणि दुसरा १६००ला पुश कर, म्हणजे कमी उजेडासाठी फिल्म १६००ची समजून फोटो काढ आणि नंतर जास्त डेव्हलप कर. पुश केला की अख्खा रोल तसाच डेव्हलप करावा लागतो ना, मधेच ऊन आलं की बोंबला, तिथेच दुसरी बॉडी वसूल होते.

शटरताई: लेन्सचं पण बघा. मी वारीत एकावर २८ एमएमची (रुंद दृश्याची) आणि दुसऱ्यावर ८५ एमएमची (लांबचं जवळ आणणारी) लेन्स लावूनच जाते, भर पावसात, बुक्का उडत असताना लेन्स कोण काढणार! आणि फिल्मच्या खोक्याचा तुकडा कॅमेऱ्याच्या मागच्या खाचेत अडकवाच. मी एकदा रंगीत समजून सूर्यास्ताचे बारा फ्रेम ब्लॅक अँड व्हाइटवर काढलेत 🤦

रोल_३६: हाहा. सेलचं काय?

डार्करूमवाला: एफई२चे सेल गेले की फक्त १/२५० सेकंद आणि बल्ब (बटण दाबून धरू तेवढा वेळ शटर उघडं) चालतं. एफएम२चं नुसतं उजेड मोजणारं मीटर बंद पडतं, शटर सगळ्या स्पीडला चालू. तरी एलआर४४ची जोडी खिशात ठेव.