मदत हवी आहे: आईला पेरिटोनियल मेसोथेलिओमा, ऑपरेशन पुण्यात करावं की मुंबईत?

नमस्कार. आई ५८ वर्षांची, आम्ही धनकवडीला राहतो. दिवाळीनंतर तिचं पोट फुगायला लागलं. परकराची नाडी पुरेना, हातपाय मात्र काड्या. पोटातलं पाणी तपासलं, त्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत. मग टीबी धरून अडीच महिने गोळ्या दिल्या. पाणी पुन्हा भरलं. रक्तातलं सीए-१२५ (कॅन्सरची खूण म्हणून तपासतात ते) वाढलेलं, म्हणून अंडाशयाच्या कॅन्सरचा संशय. शेवटी दुर्बिणीतून पोटाच्या अस्तराचा तुकडा काढला, तेव्हा नाव कळलं: एपिथेलिऑइड मेसोथेलिओमा, म्हणजे पोटाच्या अस्तराचाच कॅन्सर.

अ‍ॅस्बेस्टॉसशी कधी संबंध आला का, असं डॉक्टरांनी विचारलं आणि बाबा एकदम गप्प झाले. भोसरीत बॉयलरच्या पाइपांना लॅगिंग करायचं, म्हणजे उष्णता रोखणारं वेष्टण गुंडाळायचं काम त्यांनी वीस वर्षं केलं. पांढऱ्या धुळीचे ते कपडे आई अंगणात झटकायची आणि हातानं धुवायची. पोटातल्या या आजारात असा संबंध दरवेळी सापडतोच असं नाही, हे डॉक्टरांनी समजावलं. तरी बाबा दोन दिवस धड जेवलेले नाहीत.

आता हायपेक सुचवलंय: दिसेल तेवढा आजार काढायचा आणि त्याच ऑपरेशनमध्ये ४१-४२ अंशांचं केमो पोटात तास-दीड तास फिरवायचं. आधी पेमेट्रेक्सेड-सिस्प्लॅटिन ही केमोची औषधं द्यावी का, यावर दोन डॉक्टरांची दोन मतं. हे पुण्यात करावं की परळच्या टाटाला जावं? कुणाच्या घरी झालंय का? बाबांनाही तपासून घ्यावं का?

प्रतिसाद:
ताई, माझ्या मावशीचं हायपेक झालंय. तिचा आजार अपेंडिक्सचा होता, ऑपरेशन हेच. नुसता रिपोर्ट नको, बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड मागून घ्या आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. इतक्या विरळ आजारात ते हवंच. सर्जनला पीसीआय, म्हणजे पोटात आजार किती पसरलाय याचा आकडा, किती ते विचारा. पोटाचे १३ भाग, प्रत्येकाला ० ते ३, असे ३९ पैकी गुण; जितके कमी तितकं बरं. लहान आतड्यावर किती पसरलंय तेही विचारा. वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, हे विचारायला अजिबात संकोचू नका, शहर त्यावरूनच ठरवा. पेमेट्रेक्सेड ठरलं तर फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ आठवडाभर आधी सुरू करावं लागतं. मावशी दहा तास टेबलावर होती, घरी यायला तीन आठवडे लागले. बाबांना छातीच्या डॉक्टरांकडे न्या, कामाचं सगळं सांगा.

धागाकर्ती:
खूप आभार. ब्लॉक उद्याच मागते. परळला जावं लागलं तर महिनाभर राहायची सोय कुठे होईल? बाबांना मागे एकटं ठेवायचं नाहीये.