कुटुंबनियोजन सल्ला केंद्रात स्वयंसेविकांना नेमकी कोणती कामं द्यावीत?

तालुका_केंद्र: आमच्या संस्थेच्या सल्ला केंद्रात डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, नर्सबाई रोज असतात. आता कॉलेजच्या मुली आणि निवृत्त शिक्षिका स्वयंसेविका म्हणून येणार आहेत. त्यांच्यावर काय सोपवावं आणि कशाला हात लावू देऊ नये?

समुपदेशक_सातारा: तपासणी, इंजेक्शन, तांबी आणि ‘तुला हेच बरं’ असं सुचवणं, हे त्यांचं काम नाही. पद्धत बाईने डॉक्टरांशी बोलून निवडायची. स्वयंसेविकांचा खरा उपयोग त्यानंतर होतो, कारण गडबड बहुतेक वेळा घरी गेल्यावर होते.

छाया या गर्भनिरोधक गोळीचंच बघा. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी. म्हणजे पहिली रविवारी घेतली तर दुसरी बुधवारी. चौथ्या महिन्यापासून फक्त रविवारी. माला-एन ही दुसरी गर्भनिरोधक गोळी रोज घ्यायची असते, त्यामुळे काही बायका हीसुद्धा रोज घेतात. काहीजणी तीन महिन्यांनंतरही दोनदाच घेत राहतात. म्हणून स्वयंसेविकेने पाकीट बाईच्या हातात द्यावं, वार तिच्याकडूनच वदवून घ्यावेत आणि पाकिटावर पेनाने लिहावेत. गोळी चुकली आणि सात दिवसांपेक्षा कमी उलटले असतील, तर आठवताक्षणी घ्यावी आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरावा. सात दिवसांवर गेलं तर नव्याने सुरुवात, तीही नर्सबाईंना विचारून. छायाने पाळी लांबते हे आधीच सांगा, नाहीतर घाबरून गोळी बंद होते. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर मात्र गरोदरपणाची तपासणी करायलाच हवी.

नर्स_विदर्भ: अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनचंही तसंच. दर तीन महिन्यांनी. दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरापर्यंत चालतं. टोचलेली जागा चोळायची नाही, त्याने परिणाम लवकर ओसरतो. अधूनमधून रक्तस्राव होणं किंवा पाळी बंद होणं हे आधी न सांगितल्यामुळेच बायका दुसऱ्या डोसला येत नाहीत. पुढची तारीख कार्डावर लिहा, आणि फोन करायचा तर कोण उचलतं, कितीला केलेला चालेल, हे तिलाच विचारून घ्या. नवऱ्याच्या किंवा सासूच्या नंबरवर ‘केंद्रातून बोलतेय’ म्हणणं म्हणजे तिचा विश्वास मोडणं.

पुरुष नसबंदीनंतर तीन महिने निरोध आणि मग वीर्यतपासणी. हा पाठपुरावा पुरुष स्वयंसेवकाकडे द्या.

कायदा_मदत: १८ वर्षांखालच्या मुलीला ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन स्वयंसेविकेने कधीच देऊ नये. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ नुसार अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवायची असते. सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुलीच्या आणि पालकांच्या विनंतीवरून तिची ओळख उघड न करण्याची मुभा दिली, ती गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांना. म्हणून मुलगी बोलायला लागण्याआधीच हे शांतपणे सांगावं आणि तिला नर्सबाईंकडे न्यावं.

सज्ञान बाईच्या गर्भपाताला नवऱ्याची संमती लागत नाही, अविवाहित असली तरी तिची स्वतःची पुरते. ‘घरच्यांना घेऊन ये’ हे स्वयंसेविकेच्या तोंडून येता कामा नये. मुलगा की मुलगी, या विषयावर तर एक शब्दही नाही.

नर्स_विदर्भ: आणि नोंदवही उघडी ठेवू नका. यादीत कार्ड क्रमांक असावेत. नाव-नंबरांची वही वेगळी, कुलपात, किल्ली नर्सबाईंकडे.