भाषा न कळणारी उपासना

दुभाषी नसेल तर मिशनच्या, म्हणजे ख्रिस्ती सेवाकार्याच्या, प्रवासात तिथल्या चर्चमधल्या परक्या भाषेतल्या उपासनेला बसून काय उपयोग, असा प्रश्न कुणी विचारलाय. माझा अनुभव सांगते. पहिला अर्धा तास मीही नुसती बसून होते. मग सगळे उभे राहिले, एका लयीत काही म्हणू लागले आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीला लक्षात आलं, ही तर येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना! मी मराठीत सुरू केली, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. शेजारच्या आजींनी माझा हात धरला. खरखरीत, उबदार हात. 'आमेन' आम्ही दोघींनी एकदमच म्हटलं. तेव्हा डोळे भरून आले.

पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या, दिवशीही सगळ्यांना एकच भाषा मिळाली नव्हती. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकलं, असं आहे. मला हे फार मोलाचं वाटतं.

प्रवचन कळत नाही, हे मात्र खरं. त्यासाठी शास्त्रपाठ, म्हणजे त्या दिवशी वाचायचा बायबलचा उतारा, कोणता ते आधी विचारून घ्या आणि आपलं मराठी बायबल उघडून बसा. अध्याय-वचनांचे आकडे बहुतेक जुळतात. बायबलमधल्या स्तोत्रांत काही ठिकाणी आकड्यात एकाचा फरक पडतो, तेवढं बघा.