मदत हवी आहे: 2019 पर्यंत आमच्या खाजनात भात पिकत होतं, हे उपग्रहाच्या चित्रांवरून दाखवता येईल का?

जुवारीकाठ

नमस्कार मंडळी,

मी फोंडा तालुक्यातली, जुवारीच्या काठच्या गावातली. थोडं सविस्तर लिहिते, कारण खाजन म्हणजे काय हे गोव्याबाहेरच्या वाचकांना ठाऊक नसेल. नदीच्या भरतीचं खारं पाणी चिखल, पेंढा आणि जांभ्या दगडाच्या बांधाने अडवायचं आणि बांधात बसवलेल्या मानशीतून (मानस म्हणजे फळ्यांचं दार) आतलं पाणी सुकतीला बाहेर सोडायचं. भरती चढली की मानशीच्या फळ्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, ओसरली की उघडतात. पावसाने मीठ धुऊन नेलं की आत सरदीचं, म्हणजे पावसाळी, भात होतं. आमच्याकडे कोरगुट लावायचे, थोडं मीठ सोसणारं.

2019 च्या ऑगस्टात उधाणाच्या भरतीला आमच्या बांधाला मोठं भगदाड पडलं. दुरुस्ती झाली नाही. खारं पाणी आत-बाहेर खेळत राहिलं आणि हळूहळू खारफुटी उगवली. आज निम्म्या खाजनात माणूस शिरू शकत नाही. बांध पुन्हा घालून मिळावा म्हणून कुळांनी अर्ज केला, तेव्हा एका कचेरीत आम्हाला सांगण्यात आलं की इथे वीस वर्षांपासून खारफुटीच आहे, शेती केव्हाच सुटली होती. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारा) जमीन खाजन म्हणून नोंदली आहे. पण 2018 साली तिथे भात उभं होतं याचा कागद आमच्यापैकी कुणाकडेच नाही. बाबांनी त्या वर्षी कापणी केली. त्यांचा शब्द कागद म्हणून चालत नाही.

युरोपच्या उपग्रहांची चित्रं फुकट बघता येतात असं कळलं, म्हणून कोपर्निकस ब्राउझर उघडला. गाव सापडलं, नदी सापडली, पण भात उभं असतं त्या जून ते सप्टेंबरच्या महिन्यांत सगळीकडे पांढरे ढगच. जी एक-दोन चित्रं मिळाली त्यात पाणी दिसतं, पण ते लावणीचं गोडं की नदीचं खारं हे मला ओळखता येत नाही.

यातून काही निघेल का? 2015 च्या आधीचं काही मिळेल का? आणि परक्या देशांनी पैसे घालून काढलेलं हे सगळं आपल्याला फुकट कसं? उद्या बंद तर होणार नाही ना? मी शाळेत मराठी शिकवते, हा माझा विषय नाही. चुकत असेन तर सांगा.

नकाशावेडा

ताई, पावसाळा सोडून द्या. एप्रिल बघा.

भाताचं शेत एप्रिलात कोरडं, तपकिरी असतं. खारफुटी बारमाही हिरवी. कोकण-गोव्यात एप्रिलात ढग कमी, त्यामुळे दर वर्षी चांगली चित्रं मिळतातच. सेंटिनेल-2 हा युरोपचा उपग्रह निवडा आणि 2016 पासून दर एप्रिलचं एकेक चित्र काढा. 'फॉल्स कलर' लावलंत तर जिवंत हिरवी पानं लालभडक दिसतील आणि मोकळी जमीन राखाडी-मातकट. वीस वर्षांची खारफुटी असेल तर ती 2016 च्या एप्रिलातही लाल दिसायला हवी. नसेल तर कचेरीचं म्हणणं तिथेच पडतं.

मग भात होतं हे दाखवायला ऑक्टोबर घ्या. परतीच्या पावसात एखादा उघडा दिवस सापडतो. ऑक्टोबरात हिरवं-पिवळं आणि एप्रिलात मोकळं, हा चढउतार पिकाचा. पडीक जमिनीवरही पावसात गवत उगवतं, म्हणून एका वर्षावर विसंबू नका. बांधाच्या आतल्या मेरा, म्हणजे शेतांमधले छोटे बांध, दिसतात का तेही बघा. नांगरलेल्या, राखलेल्या शेताच्या कडा सरळ असतात.

खाऱ्या-गोड्याबद्दल: खारटपणा या चित्रांत थेट दिसत नाही. त्याचा परिणाम दिसतो. पाणी साचलं आणि पुढच्या दोन महिन्यांत हिरवळ चढली, तर ते लावणीचं पाणी. पाणी साचलं आणि हिरवळ आलीच नाही, तर संशय घ्यायला जागा आहे.

ढगांतून बघायचं तर सेंटिनेल-1. तो रडार आहे, स्वतःच लहरी सोडतो आणि परतलेल्या मोजतो. ढग, रात्र काही आड येत नाही. शांत पाणी लहरी पलीकडे परावर्तित करतं, म्हणून काळं दिसतं. पण एक काळजी घ्या. हा उपग्रह आपल्याकडे पहाटे किंवा संध्याकाळी सहाच्या सुमाराला जातो आणि भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. म्हणजे एका चित्रात भरती असेल, 12 दिवसांनंतरच्या चित्रात सुकती. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकात मुरगाव बंदराच्या वेळा असतात. प्रत्येक चित्रासमोर त्या वेळचं पाणी लिहून ठेवा. नाहीतर समोरचा पहिला प्रश्न तोच विचारेल.

जुवारीकाठ

एप्रिलचं सुचलंच नव्हतं! बाबांना सांगितलं तर म्हणाले, "खरंच की, एप्रिलात आमच्या खाजनात गुरं चरायची." आज रात्री बसते.

पाटकिनारा

2015 च्या आधीसाठी लँडसॅट, अमेरिकेचे उपग्रह. पहिला 1972 च्या जुलैत सोडला, तेव्हापासूनची मालिका आहे. पण 1982 नंतरच्या लँडसॅटचा एक पिक्सेल 30 मीटरचा, म्हणजे 900 चौरस मीटर. सेंटिनेल-2 चा 10 मीटरचा, 100 चौरस मीटर. तुमच्या बाबांचं शेत अडीच हजार चौरस मीटरचं असेल तर लँडसॅटमध्ये ते जेमतेम तीन ठिपके. एकेका कुळाचं शेत दाखवायला जाऊ नका, पूर्ण खाजन दाखवा. बांध तर दोन्हींत नीट दिसणार नाही, तो काही मीटर रुंदीचा.

2013 पासून लँडसॅट 8 चांगला आहे. त्याआधी लँडसॅट 7 घ्याल तर 31 मे 2003 नंतरच्या चित्रांत तिरक्या काळ्या पट्ट्या दिसतील. त्याच्या यंत्रातला एक भाग बिघडला आणि प्रत्येक चित्राचा सुमारे पाचवा हिस्सा कायमचा गेला. पट्टी नेमकी तुमच्या खाजनावर आली तर दुसरी तारीख बघायची. लँडसॅट 5 नोव्हेंबर 2011 पर्यंत चालला, त्याचीही चित्रं आहेत, पण भारतावर सलग नाहीत.

या 'सलग नाहीत'मागे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे. लँडसॅट 5 वर चित्रं साठवून ठेवायची सोय नव्हती. ज्या देशावरून जायचा तिथल्या केंद्राने ती उतरवून घ्यायची. आपलं केंद्र हैदराबादजवळ शादनगरला, 1979 पासून लँडसॅट घेणारं. जगभरच्या अशा केंद्रांतल्या फिती अमेरिकेने 2010 पासून मागवून एका जागी आणायला घेतल्या. काही आल्या, काही तोवर खराब झाल्या होत्या. देशोदेशींचं सहकार्य असं जुन्या फितींवर अवलंबून असतं. कुणीतरी त्या जपाव्या लागतात.

फुकटही पहिल्यापासून नव्हतं. लँडसॅट 7 चं एक चित्र 600 डॉलरला मिळायचं. 2008 साली अमेरिकेने सगळा साठा मोफत केला. युरोपने सेंटिनेलच्या बाबतीत सुरुवातीपासूनच पूर्ण, मोफत आणि खुलं हे धोरण ठेवलं, पहिला सेंटिनेल 2014 साली गेला. 600 डॉलरच्या काळात तुमच्या कुळांनी वीस चित्रं घेतली असती का?

साखळीचा वाचक

एक शंका, कुणाला दुखवायचं नाही. परके उपग्रह आपल्या गावाची चित्रं काढतात आणि आपण त्यांच्याकडून ती घेतो. हे योग्य आहे का? आणि आपला इस्रो कुठे आहे यात?

पाटकिनारा

शंका रास्त आहे, आणि जुनी आहे. 1986 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने याचसाठी तत्त्वं मंजूर केली. चित्र काढायला त्या देशाची आधी परवानगी लागत नाही. पण ज्या देशाचं चित्र काढलं, त्याला ते भेदभाव न करता आणि वाजवी दरात मिळालं पाहिजे. म्हणजे तुमच्या-माझ्या गावाचं चित्र मागणं ही कुणाची मेहेरबानी नाही. मोफत देणं मात्र त्या तत्त्वांच्या पुढचं पाऊल आहे.

ते पाऊल देशांनी टाकावं म्हणून 2005 पासून जिनिव्हात 'ग्रुप ऑन अर्थ ऑब्झर्व्हेशन्स' हा देशांचा गट काम करतो. भारत सदस्य आहे. गटाचा स्वतःचा उपग्रह नाही. माहिती पूर्ण आणि खुली द्या, उशीर करू नका, किंमत कमीत कमी ठेवा, एवढंच तो देशांकडे लावून धरतो. मोठ्या आपत्तीसाठी वेगळा करार आहे. 2000 साली सुरू झाला, इस्रो 2001 पासून त्यात आहे. पूर आला की अधिकृत यंत्रणेने हाक द्यायची आणि सदस्य संस्थांनी आपापले उपग्रह तिकडे वळवायचे. तो तातडीच्या वेळेसाठी आहे, गावच्या बांधासाठी नाही.

इस्रोचं म्हणाल तर मार्च 2018 मध्ये बंगळुरूत युरोपशी करार झाला. आपण आपल्या उपग्रहांची माहिती द्यायची, त्यांची घ्यायची. 2023 च्या भारतीय अंतराळ धोरणानुसार 5 मीटर किंवा त्याहून ढोबळ चित्रं मोफत आणि खुली. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या 'भूनिधी' संकेतस्थळावर नोंदणी करा. रिसोर्ससॅट उपग्रहाच्या लिस-4 कॅमेऱ्याचं चित्र मिळालं तर घ्याच, ते 5.8 मीटरचं आहे. आपल्याच उपग्रहाचं, सेंटिनेलपेक्षा बारीक चित्र कचेरीत ठेवलंत तर साखळीकरांची शंकाही तिथे उरणार नाही.

दर्यावाट

समुद्राच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून थोडं विषयांतर. सगळ्या महासागरांत मिळून साधारण चार हजार आर्गो तरंगयंत्रं फिरत असतात. दहा दिवसांतून एकदा दोन हजार मीटर खोलीवरून वर येतात आणि तापमान, क्षारता कळवतात. कुठल्या देशाचं यंत्र कुठे वाहत जाईल याचा नेम नाही, म्हणून ते टाकतानाच ठरलेलं असतं की माहिती सगळ्यांची. सागरी हवामानाचे आपले अंदाज असल्या सामायिक माहितीवर उभे असतात. उपग्रह वरून क्षारता नीट सांगू शकत नाही, पाण्यात उतरलेलं यंत्र सांगतं. तुमच्याही बाबतीत तेच. आत्ताच चिंचोळ्या बाटल्यांतून खाजनातल्या चार ठिकाणचं पाणी घेऊन क्षारता तपासून घ्या, तारीख आणि जागा लिहून. वरच्या चित्राला जमिनीवरची साक्ष लागतेच.

आणि 30 जुलै 2025 ला निसार गेला आहे, नासा-इस्रोचा. त्यातल्या एका रडारची लहर लांब आहे, ती पानांच्या आत शिरते. झाडाखाली पाणी उभं असेल तर तो भाग काळा नाही, उजळ दिसतो. खारफुटीखालचं पाणी आजवर वरून दिसणं कठीण होतं. तुमच्या जुन्या पुराव्याला याचा उपयोग नाही, पण बांध पुन्हा झाल्यावर पाणी थांबलं का हे बघायला होईल.

जुवारीकाठ

चार रात्री बसले. काय सापडलं ते लिहिते.

2016 ते 2019, चारही वर्षांच्या एप्रिलात खाजनाचा बहुतेक भाग मातकट आहे. 2018 च्या ऑक्टोबरात एक स्वच्छ चित्र मिळालं, त्यात हिरवट-पिवळे चौकोन आणि मेरांच्या रेषा दिसतात. बाबांना दाखवलं. त्यांनी आधी आमचं शेत शोधलं नाही, पोंय शोधली, पाणी साठतं ती खोलगट जागा. तिच्या वाकड्या आकारावरून त्यांनी एकेक शेत कुणाचं ते सांगितलं. काहीजण आता हयात नाहीत.

2020 च्या एप्रिलात भगदाडाजवळ काळपट ओल आहे. 2021 ला तिथे लाल ठिपके. 2024 ला निम्मं खाजन लाल.

पण उत्तरेचा एक कोपरा 2016 च्या एप्रिलातही लाल आहे. मला वाटलं माझं काही चुकलं. लँडसॅट 8 चं 2014 चं चित्र काढलं, तिथेही तसंच. बाबांना विचारलं तर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, तो कोपरा आधीच सुटला होता. मानशीच्या पावणीनंतर, म्हणजे तिथल्या मासेमारीच्या लिलावानंतर, मासळीसाठी फळ्या उघड्या ठेवायचे, खारं पाणी तिथे आधी चढलं. म्हणजे तेवढ्या भागापुरतं कचेरीचं म्हणणं खरं आहे. कुळांच्या बैठकीत दोघे म्हणाले, ते चित्र देऊ नका. मी देणार आहे. जे चित्र मला दिसतं ते त्यांनाही दिसतं.

आता अडलंय ते असं. प्रत्येक चित्राखाली काय लिहायचं? आणि 2011 ते 2013 मध्ये माझ्याकडे पट्ट्यांची चित्रं सोडून काही नाही.

नकाशावेडा

उपग्रहाचं नाव, तारीख, वेळ आणि मूळ फाइलचं पूर्ण नाव अक्षर न बदलता. त्या नावाने कुणीही तीच फाइल उतरवून पडताळू शकतो, तुमच्या पुराव्याचं बळ त्यात आहे. सेंटिनेलच्या चित्रावर कोपर्निकसचं श्रेय वर्षासह देणं बंधनकारक आहे. रंग कसे लावले तेही लिहा. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन सर्वे नंबरच्या हद्दी वर बसवा. शेवटी ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठात भूविज्ञान किंवा सागरविज्ञान शिकवणाऱ्या कुणाची तरी नजर त्यावरून फिरू द्या. उत्तरेचा कोपरा दाखवताय हे फार बरं केलंत.

जुवारीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शेवटची विनंती: जुवारीकाठच्या कुणाकडे 2011 ते 2013 चे खाजनाचे, बांधाचे, कापणीचे फोटो असतील तर तारखेसह कळवा. लग्नाच्या अल्बममध्ये मागे शेत दिसत असेल तरी चालेल.

बोरीपलीकडे

ताई, तुमच्या खाजनाच्या शेजारचं आमचं. 2012 च्या पावणीच्या दिवशीचे चार फोटो आहेत, कॅमेऱ्याने तारीख छापलेली. मागे मानस आणि तिच्या उजवीकडे कापलेलं भात दिसतं. रविवारी स्कॅन करून पाठवतो.