मदत हवी आहे : पाऊण क्रम बदलूनही प्रथिनाची घडी तीच राहते, मग सिकलसेलमध्ये एकाच अमिनो आम्लाने एवढे कसे बिघडते?

वर्गखोली_नागपूर (धागाकर्ती)

नमस्कार. मी नागपुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. प्रथिनांची रचना आणि त्यांचे उत्क्रांतीतील नाते या विषयावर मुलांसाठी एक जादा सत्र घ्यायचे ठरले असून त्यासाठी मी हिमोग्लोबिनचे उदाहरण निवडले आहे. माझ्या वर्गात गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरकडची बरीच मुले आहेत आणि ‘एएस पॅटर्न’ (सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे जनुक एकाच पालकाकडून आलेले), ‘एसएस पॅटर्न’ (दोघांकडून आलेले, म्हणजे प्रत्यक्ष आजार) हे शब्द त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या आधी घरात ऐकलेले असतात. त्यामुळे या एका प्रथिनाबद्दल त्यांना जेवढी उत्सुकता आहे, तेवढी दुसऱ्या कुठल्याही प्रथिनाबद्दल नाही.

माझी तयारी कुठवर झाली आहे ते आधी मांडते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांचा वेळ वाचेल. प्रौढांच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. अल्फा साखळीत १४१ आणि बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. स्नायूंतील मायोग्लोबिन ही १५३ अमिनो आम्लांची एकटी साखळी आहे. केंड्र्यू यांनी स्पर्म व्हेलच्या मायोग्लोबिनची आणि पेरुत्झ यांनी घोड्याच्या हिमोग्लोबिनची त्रिमितीय रचना १९५० च्या दशकाच्या अखेरीस उलगडली आणि १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल दोघांना मिळून देण्यात आले. त्या वेळी सर्वांना चकित करणारी गोष्ट अशी होती की या साखळ्यांची घडी जवळजवळ एकसारखी निघाली. क्रम शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर माणसाच्या अल्फा आणि बीटा साखळ्यांत सुमारे ४३ टक्के जागी तेच अमिनो आम्ल सापडते; मायोग्लोबिन आणि बीटा यांच्यात हे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवर येते. म्हणजे चारपैकी तीन जागा बदलल्या, तरी सात-आठ हेलिक्स (साखळीचे मळसूत्री भाग) त्याच क्रमाने, त्याच वळणांनी हिमभोवती (ऑक्सिजन धरणाऱ्या, लोह असलेल्या रेणूभोवती) बसलेले दिसतात.

एवढे फळ्यावर मांडल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “पाऊण साखळी बदलूनही आकार बदलत नाही म्हणता, मग सिकलसेलमध्ये १४६ पैकी एकच अमिनो आम्ल बदलते आणि माणूस आजारी पडतो, हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे?” प्रश्न नेमका आहे आणि त्याला “काही जागा महत्त्वाच्या असतात, काही नसतात” असे मोघम उत्तर देऊन वेळ मारून नेण्याची माझी इच्छा नाही. हा बदल होतो ती बीटा साखळीतली सहावी जागा एवढी महत्त्वाची असेल, तर ती सर्व ग्लोबिनांत (मायोग्लोबिन-हिमोग्लोबिनच्या कुळातल्या प्रथिनांत) टिकून राहिलेली दिसायला हवी होती; प्रत्यक्षात माझ्या अलाइनमेंटमध्ये (शेजारी जुळवून ठेवलेल्या क्रमांत) त्या जागी कसलेही सातत्य दिसत नाही.

याला जोडूनच दुसरी अडचण आहे. आमच्याकडची मुले खरिपात सोयाबीनचे रोप मुळासकट उपटून आणतात. मुळावरची गाठ नखाने फोडली की आत गुलाबी रंग दिसतो, आणि तो लेगहिमोग्लोबिनचा असतो, हे मी दरवर्षी दाखवते. या वनस्पतीतल्या प्रथिनाची घडीसुद्धा ग्लोबिनचीच आहे, मात्र मानवी मायोग्लोबिनशी त्याच्या क्रमाचे साम्य वीस टक्क्यांच्याही खाली जाते. अशा वेळी सोयाबीनचे आणि आपले प्रथिन एकाच पूर्वजाकडून आले, असे म्हणण्याला आधार कोणता? हिम धरून ठेवायचे काम करायचे असेल तर कोणत्याही साखळीला शेवटी हाच आकार घ्यावा लागेल, नाते वगैरे काही नसेलही, असा आक्षेप वर्गात येणार याची मला खात्री आहे.

मला संगणकीय साधनांची यादी नको आहे. बारावीच्या मुलांपुढे टिकेल असा युक्तिवाद हवा आहे, आणि त्यातला एखादा भाग प्रत्यक्ष दाखवता आला तर फारच उत्तम.

स्फटिकवेडा

मॅडम, आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, ते आधी बाहेर काढले पाहिजे. सिकलसेलमध्ये बीटा साखळीची घडी बिघडते असे तिने धरले आहे. घडी बिघडत नाही. सिकल हिमोग्लोबिनचा एकेक रेणू सुटा पाहिला तर तो निरोगी हिमोग्लोबिनसारखाच दिसतो आणि ऑक्सिजनही धरतो. बदल होतो तो रेणूच्या पृष्ठभागावर.

घडी कशाने ठरते ते आधी पाहू. प्रत्येक अमिनो आम्लाचा कणा सारखाच असतो, बाजूची साखळी तेवढी वेगळी असते. हेलिक्सला आकार देणारे हायड्रोजन बंध कण्यातल्याच अणूंमध्ये, दर चौथ्या अमिनो आम्लाशी, जुळतात आणि एका वळशात ३.६ अमिनो आम्ले बसतात. कणा कोणत्या कोनांत वळू शकतो आणि कोणत्या कोनांत अणू एकमेकांवर आदळतात, याचा नकाशा रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी १९६३ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध केला, आणि आजही कोणतीही नवी रचना तपासताना तो वापरतात. (आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला एक संपूर्ण पान मिळायला हरकत नव्हती, पण ते असो.) तेव्हा हेलिक्स बनण्यासाठी ठराविकच अमिनो आम्ले लागतात असे नाही. हेलिक्सची जी बाजू आत वळते तिथे पाण्यापासून दूर राहणारी अमिनो आम्ले हवीत, एवढी मुख्य अट असते. मग ते ल्युसिन असो, व्हॅलिन असो की आयसोल्युसिन.

लेस्क आणि चोथिया यांनी १९८० मध्ये नऊ ग्लोबिनांच्या रचना ताडून पाहिल्या होत्या. आतली अमिनो आम्ले लहानमोठी झाली की हेलिक्स एकमेकांच्या तुलनेत सरकतात, कधी ७ अँगस्ट्रॉमपर्यंत (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग), आणि ३० अंशांपर्यंत फिरतातही. मात्र ही सगळी हालचाल अशी सांभाळली जाते की हिमचा कप्पा जसाच्या तसा राहतो. म्हणून ‘घडी तीच’ याचा अर्थ ‘तंतोतंत तीच’ असा घेऊ नये. जवळजवळ सर्व ग्लोबिनांत न बदललेल्या जागा दोनच: हिममधल्या लोहाला धरणारे एफ-८ (एफ हेलिक्समधले आठवे) हे हिस्टिडीन आणि हिमला टेकलेले सीडी-१ (सी आणि डी हेलिक्समधल्या वळणावरचे पहिले) हे फिनाइलअ‍ॅलॅनिन.

आता बीटा साखळीची सुरुवात फळ्यावर लिहा: व्हॅलिन, हिस्टिडीन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, लायसिन. सहावे ग्लुटामिक आम्ल रेणूच्या बाहेरच्या अंगाला आहे, त्यावर ऋण भार आहे आणि ते पाण्यात सुखाने राहते. जनुकात जीएजी या त्रिकाचे जीटीजी झाले की तिथे व्हॅलिन येते, ज्याला पाणी नको असते. ऑक्सिजन सोडलेल्या अवस्थेत शेजारच्या हिमोग्लोबिन रेणूच्या बीटा साखळीवर ८५ वे फिनाइलअ‍ॅलॅनिन आणि ८८ वे ल्युसिन यांच्यामधला खळगा उघडा असतो, त्यात हे व्हॅलिन जाऊन बसते. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे रेणू जोडले जाऊन लांब तंतू तयार होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी ताठरते. ऑक्सिजन धरलेल्या रेणूत तो खळगा नीट जुळत नाही, म्हणून फुप्फुसातून निघालेली पेशी ठीक असते.

विद्यार्थिनीला द्यायचे उत्तर यातच आहे. पाऊण क्रम बदलण्याचे काम कोट्यवधी वर्षे चालले आणि जे बदल जिवाला भोवले ते वाटेतच गळून पडले. आज जे आपण मोजतो ते चाळणीतून उतरलेले बदल आहेत. सिकलचा बदल मलेरियाच्या प्रदेशात एएस व्यक्तींना संरक्षण देतो म्हणून टिकला. एरवी तोही गळाला असता. सहाव्या जागी सातत्य नाही याचे कारण असे की तिथे अनेक अमिनो आम्ले चालतात. ‘अमुकच हवे’ असे बंधन तिथे नाही, ‘चिकट नको’ एवढेच आहे. याचा पुरावाही हाताशी आहे: त्याच सहाव्या जागी लायसिन आले तर हिमोग्लोबिन-सी बनते, आणि ते असे तंतू बनवत नाही.

पॅथॉलॉजीवाला

वरील प्रतिसाद उत्तमच आहे. प्रत्यक्ष दाखवण्याबाबत माझ्या कामातले सांगतो.

आमच्याकडे पहिली चाचणी सोल्युबिलिटीची होते. रक्ताचा थेंब सोडियम डायथायोनाइटच्या द्रावणात टाकतात. त्याने ऑक्सिजन निघून जातो आणि सिकल हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होते. नळीमागे काळ्या रेघा ओढलेला कागद धरतात, रेघा दिसेनाशा झाल्या की चाचणी पॉझिटिव्ह. वर लिहिलेले तंतू इथे अक्षरशः डोळ्यांनी कळतात. मात्र या चाचणीत एएस आणि एसएस दोन्ही गढूळच येतात, त्यामुळे पुढे इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या क्षेत्रात भारानुसार प्रथिने वेगळी करणे) करावेच लागते.

इलेक्ट्रोफोरेसिसची पट्टीसुद्धा आपल्या सत्राला उपयोगी पडेल. अल्कधर्मी द्रावणात हिमोग्लोबिन धन टोकाकडे धावते. सिकलमध्ये दोन बीटा साखळ्यांवरचे मिळून दोन ऋण भार गेलेले असल्याने तो पट्टा मागे राहतो. हिमोग्लोबिन-सीमध्ये ऋणाच्या जागी धन भार आल्यामुळे तो आणखी मागे राहतो. पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये भारातला हाच फरक पकडून सिकलसेलला ‘रेणूचा आजार’ म्हटले होते. नेमके कोणते अमिनो आम्ल बदलले ते इन्ग्रम यांनी १९५७ च्या सुमारास शोधले. रक्त मुलांचे घेऊ नका, आमच्यासारख्यांकडून जुन्या पट्ट्यांची नावे झाकलेली छायाचित्रे मागून घ्या. वर्गात कोण कोणत्या पॅटर्नचे आहे हे चुकूनही उघड होता कामा नये, पुढे लग्नाच्या बोलण्यांपर्यंत त्याचा त्रास होतो.

आणखी एक. डेटाबेसमधून क्रम उतरवला तर सुरुवातीला मिथिओनिन धरलेले असते, त्यामुळे तिथे बीटा साखळी १४७ ची दिसते आणि सिकलचा बदल सातव्या जागी येतो. पेशीत ते मिथिओनिन कापून टाकले जाते. मुले हमखास इथे अडतात.

मुळापासून

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो अजून अनुत्तरित आहे.

हिम धरायचे तर हाच आकार लागतो, हा आक्षेप सहज तपासता येतो. सायटोक्रोम-सी हिम धरते, कॅटलेज धरते, पेरॉक्सिडेजही धरते. या तिघांच्या घड्या ग्लोबिनसारख्या नाहीत आणि एकमेकांसारख्याही नाहीत. केवळ ऑक्सिजन वाहायचा म्हटले तर खेकड्याच्या रक्तातले हिमोसायनिन ते काम हिमशिवाय, तांब्याच्या अणूंवर करते. म्हणजे कामाने घडीची सक्ती केलेली नाही, आणि ज्यांची घडी एक आहे त्यांच्या एकपणाला दुसरे कारण शोधावे लागते.

उलट बाजूही मुलांना दाखवावी, नाहीतर प्रत्येक साम्य म्हणजे नातेच असा त्यांचा समज होईल. आपल्या आतड्यातले कायमोट्रिप्सिन आणि जीवाणूंचे सबटिलिसिन दोन्ही प्रथिने कापतात, दोन्हींच्या कात्रीत सेरिन, हिस्टिडीन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल याच तिघांची जुळणी आहे. पण घड्या निराळ्या आहेत आणि साखळीत या तिघांचा क्रमही निराळा आहे. तिथे काम एक आणि वंश दोन. ग्लोबिनांत मात्र हेलिक्सचा क्रम, त्यांची वळणे आणि एफ-८ ची साखळीतली जागा सगळे एकत्र जुळते.

माझ्या मते सर्वांत पक्का पुरावा प्रथिनाच्या बाहेर आहे. माणसाच्या ग्लोबिन जनुकांत दोन इंट्रॉन (जनुकातले, प्रथिनाचा संकेत नसलेले तुकडे) असतात. सोयाबीनच्या लेगहिमोग्लोबिन जनुकात तीन असतात, आणि त्यांपैकी दोन बरोबर आपल्याच जागी येतात. इंट्रॉन कापून टाकला जातो, त्यामुळे तो कुठे आहे याचा प्रथिनाच्या आकाराशी किंवा कामाशी संबंध नसतो. आकाराच्या सक्तीने तो तिथे आला असे म्हणताच येत नाही.

टक्केवारीबाबत एवढेच, की असंबद्ध क्रमांतही मोकळ्या जागा सोडत जुळणी केली तर पंधरा-वीस टक्के साम्य सहज निघते, म्हणून त्या पट्ट्यात केवळ आकड्यावर बोलू नये. दोन टोकांची तुलना करण्यापेक्षा मधली प्रथिने घ्यावीत. अनेक वनस्पतींत गाठींशी संबंध नसलेली हिमोग्लोबिनेही असतात, आणि अशा दुव्यांची साखळी जोडत गेले की शेजारच्या दोन दुव्यांतले साम्य स्पष्ट दिसते. आणि कृपया ‘२५ टक्के नाते’ असे फळ्यावर लिहू नका. साम्य टक्क्यांत मोजतात. नाते असते किंवा नसते.

वर्गखोली_नागपूर (धागाकर्ती)

तिघांचेही मनापासून आभार. इंट्रॉनचा मुद्दा मला ठाऊक नव्हता आणि सत्राचा दुसरा भाग आता त्यावरच उभा करीन. एक शंका उरते. पृष्ठभागावरचा एक चिकट ठिपका एवढा घातक ठरत असेल, तर उत्क्रांतीत पृष्ठभाग मुद्दाम ‘न चिकटणारा’ होत गेल्याचे एखादे उदाहरण आहे का? एकट्या आजाराच्या उदाहरणावर सत्र संपवू नये असे वाटते.

स्फटिकवेडा

आहे, आणि ते ग्लोबिनांतलेच आहे. व्हेल, सील यांसारख्या खोल बुडी मारणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या स्नायूंत मायोग्लोबिन इतके दाट असते की मांस काळपट दिसते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनेक प्राण्यांचे क्रम ताडून असे दिसले की या प्राण्यांच्या मायोग्लोबिनच्या पृष्ठभागावरचा निव्वळ धन भार वाढलेला आहे. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे एवढ्या दाटीतही रेणू गोळा होत नाहीत. जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या वंशांत घडी तीच, हिमचा कप्पा तोच, फरक कातडीवर.

तांबड्या पेशीतही दर १०० मिलिलिटरला सुमारे ३३ ग्रॅम हिमोग्लोबिन कोंबलेले असते, हा आकडा त्याच्या शेजारी लिहा. रचना दाखवायच्या असतील तर प्रोटीन डेटा बँकेत मायोग्लोबिनसाठी १एमबीएन, ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिनसाठी २एचएचबी आणि सिकलसाठी २एचबीएस हे संकेतांक आहेत. आकडे-अक्षरे रोमन लिपीत टाकावी लागतील. तिसऱ्या रचनेत दोन रेणू शेजारी शेजारी आहेत, त्यांच्यातल्या सांध्यावर सहावे व्हॅलिन शोधायला मुलांनाच सांगा.